स्नोमोबाइलच्या फूटवेलमध्ये केलेले बदल – दोन हिवाळे वापरून झाल्यावर

स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, तिच्यात बूट अडकू नये म्हणून केलेले हे बदल. आधीच सांगतो, हे कुठलं विकत मिळणारं किट नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये मी स्वतः केलेलं काम आहे आणि दोन हिवाळे वापरून झाले म्हणून आता लिहायला घेतलं. खरं तर दीडच हिवाळा म्हणा, कारण २०२३-२४ ला इकडे बर्फच पडला नाही धड, मशीन जेमतेम चारदा बाहेर निघाली. खरा वापर झाला २०२४-२५ ला, डिसेंबर ते मार्च मिळून साधारण १,१०० मैल.

मी होटनला असतो, मिशिगनच्या अपर पेनिन्सुलात, कीविनॉ नावाचा जो सुळका लेक सुपीरियरमध्ये घुसलाय तिथे. सरोवरावरून वारा ओलावा उचलतो आणि सगळा आमच्या डोक्यावर आणून ओततो. मोहॉक गावाच्या पुढे हायवेच्या कडेला एक थर्मामीटरसारखा उंच खांब उभा केलाय, त्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याचा ३९०.४ इंचांचा विक्रम दाखवलाय, म्हणजे साडेबत्तीस फूट बर्फ. अशा ठिकाणी स्नोमोबाइल घरोघरी असते, आणि इथल्या मिशिगन टेक विद्यापीठात एमएस करायला येणारी आपली मुलंसुद्धा पहिल्या हिवाळ्यात भाड्याची स्लेड (स्नोमोबाइलच) घेऊन निघतात. त्यांच्यासाठीच मुख्यतः हे लिहितोय.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, स्नोमोबाइलला पाय ठेवायला दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची लांब पट्टी असते, तिला रनिंग बोर्ड म्हणतात. ती पुढे जाऊन इंजिनाच्या प्लास्टिक पॅनेलखाली चढत जाते आणि तिथे एक खोबण तयार होते, तेच फूटवेल. खोबणीच्या तोंडावर एक कमान असते, टो-होल्ड. उभं राहून चालवताना, उतारावर आडवं जाताना पायाचा पुढचा भाग तिच्याखाली घालून मशीन आपल्याकडे ओढता येते. म्हणजे कमान कामाची आहे, उगाच नाही लावलेली, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

फेब्रुवारी २०२३. कॉपर हार्बरकडे जाणारी ट्रेल नंबर ३, आम्ही दोघे मित्र, वेग अगदी कमी, ताशी दहाएक मैल, समोरून येणाऱ्यांना जागा द्यायला मी उजवीकडे घेतली. ट्रेलचा मधला भाग ग्रूमर नावाच्या यंत्राने दाबून कडक केलेला असतो पण कड भुसभुशीत, उजवी स्की खाली गेली आणि सव्वादोनशे किलोची मशीन हळूहळू, अगदी आरामात कलंडली. मी उजवीकडे पडलो, डावा बूट मात्र तिथेच राहिला. अंग खाली बर्फात, पाय वर सीटवरून आडवा ताणलेला, आणि गुडघ्यात आतल्या बाजूला ओलं कापड टरकावं तसं काहीतरी झालं. मित्राने आधी इंजिन बंद करणारा किल स्विच दाबला, मग माझ्या बुटाचे बकल उघडून पाय बाहेर ओढला. बूट तसाच खोबणीत उभा. उणे १४ सेल्सियसला मी एका पायावर मोजा घालून बसलेलो आणि तो बूट दोन्ही हातांनी हलवतोय, निघत नाही. लिगामेंट अर्धवट फाटलं होतं, ६ आठवडे ब्रेस, आणि जिना उतरताना अजूनही तो गुडघा कुरकुरतो.

ब्रेस लावलेल्या पायाने मी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून ती खोबण तासन्‌तास बघितली आहे. तीन गोष्टी दिसल्या. बुटाखाली बर्फ साठतो, एक्झॉस्टच्या उष्णतेने थोडा वितळतो, परत गोठतो आणि तळाला दोन बोटं जाडीचा खडीसाखरेसारखा थर होतो, त्यामुळे पाय वर उचलला जाऊन कमानीत घट्ट बसतो. दुसरं, खोबण फार खोल आहे, हिवाळी बूट पुढे सरकत सरकत जातो आणि कमान बोटांवर यायच्या ऐवजी थेट लेसवर येते, मग टाच जरा उचलली की बूट पाचर मारल्यासारखा अडकतो. सरळ मागे ओढला तर निघतो, पण पडताना कोण सरळ मागे ओढतंय? तेव्हा पाय पिळला जातो. आणि तिसरं, कमानीच्या आतल्या बाजूला दोन बोल्टची डोकी बाहेर आलेली होती, त्यातल्या एकात माझ्या लेसचा फास अडकला होता, त्याचे धागे तिथेच सापडले.

हे बघताना मला घोड्याची रिकीब आठवली. कोल्हापूरला लहानपणी शेजारच्या काकांच्या घोड्यावर बसवताना काका ओरडायचे, चवडाच घाल रे, पाऊल घालू नकोस, फरफटत जाशील. तोच नियम इथे. चवड्याच्या पुढचा भागच कमानीखाली जावा, त्याच्या मागे काहीही जाता कामा नये. मग कमान काढून टाकायची गरजच नाही, फक्त बुटाला जास्त आत जाऊ द्यायचं नाही.

म्हणून सगळ्यात आधी खोबणीच्या टोकाला अडसर घातला. पहिला ब्लॉक फोमचा केला, तो फसला, दोन राइडमध्ये कडा फाटल्या आणि फटीत बर्फ जाऊन बसला. मग किचनमधला जाड पांढरा चॉपिंग बोर्ड असतो ना, एचडीपीई प्लास्टिकचा, तसले दोन आणून जिगसॉने कापले, एकावर एक बोल्टने जोडले आणि समोरचा भाग तिरका तासला म्हणजे बूट त्याला टेकून वर चढत नाही. त्यावर बर्फ चिकटत नाही हा मोठा फायदा, हाताने टिचकी मारली की निघतो. एक्झॉस्टच्या बाजूला मात्र प्लास्टिक पॅनेलला चिकटवू नका, मी तिकडे बोटभर मोकळी जागा सोडून ॲल्युमिनियमची पट्टी आडवी लावलीय, गरम होऊन मऊ पडायला नको.

मग कमानीखाली १८ मिलीमीटरचे स्पेसर घालून ती उचलली, बोल्ट बदलून चपट्या गोल डोक्याचे घातले आणि नट बाहेरच्या बाजूला घेतले, नायलॉनवाले, कारण साधे नट थरथरीने सुटतात. पॅनेल आणि बोर्डच्या मधल्या फटीवर पातळ प्लास्टिक शीट रिव्हेट केली, कारण बुटाचं टोक तिथेही घुसायचं.

शेवटचं म्हणजे बर्फ खाली पडायला भोकं. हे करताना माझी छाती धडधडत होती, कारण बोर्ड नुसता पाय ठेवायला नसतो, तो टनेलला, म्हणजे मशीनच्या मधल्या सांगाड्याला, ताकद देतो. वळवलेल्या कडेपासून आणि रिव्हेटच्या रांगेपासून लांब राहून प्रत्येक बाजूला चारच भोकं पाडली, होलसॉने. बाबांना व्हिडिओवर दाखवलं, त्यांचं शिरोलीला एमआयडीसीत चाळीस वर्षं लेथचं वर्कशॉप होतं, ते एवढंच म्हणाले, ‘भोक पाडलंस की आधी बर काढ, मग बाकीचं बघ.’ बर म्हणजे भोकाच्या कडेला उरलेली धारदार कोर. मी दोन भोकांची बर नीट काढली नव्हती आणि जानेवारीत बुटाच्या रबरावर सुरीने कापल्यासारखी रेघ आली. मग कानशीने घासून कडा गोल केल्या. ज्याला हातात अवजार घ्यायची सवय नाही त्याने भोकं पाडूच नयेत, मोठ्या भोकांचे तयार बोर्ड मिळतात ते बसवून घ्यावेत. आणि वॉरंटी चालू असेल तर आधी विचारा, मशीनला भोक पाडल्यावर ती टिकेल असं धरून चालू नका.

आता वापराबद्दल. पहिला आठवडा पाय हरवल्यासारखा वाटतो, कारण सवयीने बूट पुढे सरकवतो आणि तिथे ब्लॉक लागतो. आठ-दहा दिवसांत बसतं. पूर्वी दर थांब्याला स्क्रूड्रायव्हरने बर्फ खणायचो, आता टाच दोनदा आपटली की भोकांतून खाली जातो, फक्त शून्याच्या आसपासचा ओला बर्फ असेल तर तो अजूनही साठतो, तेव्हा हाताने साफ करावंच लागतं. तोटा एक आहे, खोल ताज्या बर्फात भोकांतून फवारा वर येतो आणि पँटचा खालचा भाग पांढरा होतो. आणि उतारावर आडवं जाताना कमानीची पकड थोडी कमी झालीय, मी डोंगरात चालवत नाही म्हणून मला चालतं, वायोमिंगच्या डोंगरांत जाणाऱ्यांनी स्पेसर कमी जाडीचे घ्यावेत असं माझं मत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये परत एकदा कलंडली, लाक ला बेलच्या अलीकडे, ह्या वेळी डावीकडे आणि जरा वेगात. मला कळायच्या आत दोन्ही पाय बाहेर होते, मी बर्फात पाठीवर पडून आभाळ बघत होतो आणि पहिल्यांदा दोन्ही बुटांकडे बघितलं, दोन्ही पायातच होते. घरी येऊन बायकोला हे सांगताना माझा आवाज भरून आला होता.

भाड्याची स्लेड घेणाऱ्यांनी निघायच्या आधी पाच मिनिटं द्या. स्वतःचे बूट घालून, इंजिन बंद ठेवून बसा, पाय पूर्ण पुढे घाला आणि मग टाच बाहेरच्या दिशेला वळवून पाय काढून बघा, सरळ मागे ओढून नाही, वळवूनच. दोन्ही पाय, पाच-पाच वेळा. अडकत असेल तर दुसरी मशीन मागा नाहीतर बूट बदला. लेसची टोकं आत खोचा, किंवा बुटावरून घालायचं झिपवालं आवरण, गेटर, चढवा. आणि किल स्विचची दोरी अंगाला लावल्याशिवाय चालूच करू नका, पाय अडकलेला असताना ट्रॅक, म्हणजे मशीन ढकलणारा खालचा पट्टा, फिरत राहणं हे सगळ्यात वाईट. वळणावर पाय खाली टेकवायची मोटरसायकलवाली सवयही इथे सोडा, तो पाय मागे खेचला जातो.

माझे ब्लॉक माझ्या ११ नंबरच्या बुटाला बेतलेत. बायकोचा नंबर ७, तिचा पाय ब्लॉकला टेकेपर्यंत कमान तिच्या लेसवरच येते, हे मार्चमध्ये लक्षात आलं आणि मी तिला उरलेला सीझन ती मशीन चालवू दिली नाही. तिच्यासाठी पुढे अजून एक जाड तुकडा लागेल, दोन बोल्टवर बसणारा, काढता-घालता येणारा. चॉपिंग बोर्ड आणून ठेवलाय, तिचे बूट घालून तिला सीटवर बसवायचं आणि पेन्सिलने खूण करायची एवढं बाकी आहे.