सैनिकी सरावासाठी व्हिडिओ गेम निवडताना

पडद्यावर लढाईचा सराव करता येतो की नाही, हा वाद अमेरिकी सैन्यदलांपुरता जुना झाला आहे. प्रशिक्षणाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला ठरवायचे असते ते एवढेच, की कोणता गेम कोणत्या कामासाठी घ्यावा. 4 जुलै 2002 रोजी आलेला अमेरिकी लष्कराचा ‘अमेरिकाज आर्मी’ हा गेम इथे धरलेला नाही, कारण त्याचा मुख्य हेतू भरतीचा होता.

सर्वांत स्वस्त मार्ग मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाने 1990 च्या दशकात चोखाळला. बाजारातल्या ‘डूम २’मधले राक्षस काढून तिथे शत्रूसैनिक बसवले आणि फायर टीमला, म्हणजे चौघांच्या छोट्या तुकडीला, एकत्र खेळायला लावले. एकमेकांशी बोलत पुढे सरकण्याची सवय लागण्यापुरता तो उपयोगी होता. मात्र त्या खेळात आडवे पडता येत नाही, साधे वाकताही येत नाही. गोळी सुटताच जमिनीला चिकटणे हा पायदळाचा पहिला धडा असल्याने ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’ (2004) मागे लष्कराचा पैसा आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संस्थेचे काम होते. यात खेळाडू स्वतः गोळी झाडत नाही. तो दोन टीमना हुकूम देतो, एकीने शत्रूला दाबून धरायचे आणि दुसरीने बगलेकडून जायचे. तुकडीप्रमुखाच्या विचाराला हे वळण चांगले आहे. अडचण अशी की दुकानात विकल्या गेलेल्या आवृत्तीतील मोहिमा ठरलेल्या आहेत. कोणत्या भिंतीआड कोण आहे, हे दुसऱ्या खेपेला पाठ झालेले असते आणि निर्णयाची जागा आठवण घेते.

‘डार्वार्स अँबुश’ आणि त्याच्या जागी आलेला ‘व्हीबीएस२’ (व्हर्च्युअल बॅटलस्पेस २) इथेच वेगळे पडतात. पहिला 2001 च्या ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’वर उभारलेला, तर दुसरा तोच गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरअॅक्टिव्हचा. इराकमध्ये वाहनांच्या ताफ्यांवर दबा धरून होणारे हल्ले समोर ठेवून प्रशिक्षक (आपल्या फौजी बोलीत उस्ताद) प्रसंग हवा तसा बदलू शकतो, आणि ‘व्हीबीएस२’मध्ये घडलेले सगळे नंतर पुन्हा दाखवू शकतो. पुढची गाडी थांबली तेव्हा तिसऱ्या गाडीच्या चालकाने राखायचे अंतर मिटवून टाकले, हे त्याला सांगून पटत नाही. वरून पाहिलेल्या दृश्यात तो स्वतःच ते पाहतो. माझ्या मते पैसे मोजावेत ते याच सोयीसाठी, चित्रांच्या हुबेहूबपणासाठी नव्हे.

नेमबाजी यांपैकी एकही गेम शिकवत नाही. माउसला ना रायफलचे वजन, ना धक्का, ना श्वास रोखण्याची गरज. त्यासाठी ‘ईएसटी २०००’ या नेमबाजी-सराव यंत्रणेसारखी, खऱ्या शस्त्राच्या घडणीची लेसर यंत्रणाच हवी.

‘व्हीबीएस२’ला परवाने आणि संगणक लागतात, शिवाय प्रसंग रचणारा माणूस लागतो, आणि मागणीपत्रात नेमका तोच राहून जातो. तो मिळणार नसेल तर खरेदी पुढे ढकलावी. मिळणार असेल, तर दोन तासांच्या सत्रात खेळाला चाळीस मिनिटेच द्यावीत. बाकीचा वेळ उजळणीचा.