चालू पंपिंग स्टेशनचा एकहाती मेकॅनिकल ठेका: कुठे पैसे वसूल, कुठे गळती

नवं पंपिंग स्टेशन बांधणं आणि चालू स्टेशनातले पंप बदलणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. नव्यात पाणी सगळ्यात शेवटी येतं. जुन्यात ते पहिल्या दिवसापासून येतच असतं, मध्यरात्रीही आणि भर पावसातही. म्हणून पंप, पाइप, व्हॉल्व्ह, तात्पुरता बायपास (काम चालू असताना पाणी वळवणारी लाइन) आणि चाचण्या असं सगळं एकाच मेकॅनिकल ठेकेदाराला देण्याच्या पद्धतीचं परीक्षण करताना पंपाच्या ब्रँडला आम्ही फार गुण देत नाही. चांगला पंप पैसे मोजले की मिळतो. ठेकेदार कसा आहे हे कळतं जुन्या पाइपचं टोक आणि नवा फ्लँज (पाइपच्या टोकाची बोल्ट लावायची कडी) जिथे भेटतात त्या हातभर जागेत.

बहुतेक फजिती तिथेच होते. समजा रात्री ८ तासांचा शटडाउन मिळाला, जुना तुकडा कापून काढला, नवा स्पूल (फ्लँज लावलेला पाइपचा तयार तुकडा) चेन ब्लॉकवर (साखळीच्या कप्पीवर) टांगून आणला आणि बोल्ट भोकांत शिरेनात. २०० मिमीचा फ्लँज घ्या. पीएन १० (पीएन म्हणजे दाबाची श्रेणी) असेल तर त्याला ८ भोकं, पीएन १६ असेल तर १२. हा फरक डोळ्यांना दिसतो, म्हणून तो निदान वेळेत सापडतो. जुना फ्लँज अमेरिकन मानकाच्या क्लास १५० श्रेणीचा निघाला तर मात्र फसगत ठरलेली, कारण त्यालाही ८ च भोकं असतात. फक्त भोकांच्या वर्तुळाचा व्यास २९५ ऐवजी २९८.५ मिमी. साडेतीन मिलिमीटरचा फरक लांबून कळत नाही आणि घाईतला फिटर बोल्ट ठोकून बसवतो. मग बोल्ट तिरके, गॅस्केट (दोन फ्लँजमधली गळती रोखणारी चकती) एका बाजूला दबलेलं, आणि दाब आला की पाझर सुरू.

यावरचा उपाय साधा आहे. फ्लँज उघडायची गरज नाही. समोरासमोरच्या दोन बोल्टांचं मध्य ते मध्य अंतर मोजायचं आणि तेच शेजारच्या जोडीवर मोजून ताडून पाहायचं. जिथे पाइप कापून कपलिंग (दोन टोकं जोडणारी बाही) लावायचं आहे तिथे गंज आणि डांबराचा थर खरवडून पाइपला टेप गुंडाळायचा आणि घेराला ३.१४१६ ने भागायचं. जुन्या ओतीव लोखंडाचा बाहेरचा व्यास आजच्या डक्टाइल (कमी ठिसूळ) लोखंडाच्या पाइपशी जुळेलच असं नाही, आणि तो सगळीकडे सारखाही नसतो. म्हणून कापण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना मोजायचं, शिवाय कॅलिपरने पाइप लंबगोल झालाय का तेही बघायचं. हे मोजमाप ऑर्डर देण्याआधी स्वतः येऊन घेणारा ठेकेदार आमच्या लेखी निम्मं काम जिंकलेला असतो. जुन्या नकाशावर विसंबणाऱ्याला काम देऊ नये. बटरफ्लाय व्हॉल्व्ह बसवताना आणखी एक गोष्ट बघावी: पाइपला आतून सिमेंटचं अस्तर असेल तर उघडणारी चकती त्यावर आपटते का? आपटत असेल तर मधे स्पेसर लागतो, आणि तो शटडाउनच्या रात्री कुठून आणणार?

डिसमँटलिंग जॉइंटवर थोडं सविस्तर, कारण चुकीचा जॉइंट सर्रास खपवला जातो. पंप किंवा व्हॉल्व्ह पुढे कधी काढायचा झाला तर सरकायला जागा हवी, म्हणून हा जॉइंट. त्याच्या लांब टाय-रॉड (दोन्ही बाजू बांधून ठेवणाऱ्या सळया) शोभेच्या नाहीत. ४०० मिमीच्या पाइपात १० बार दाब असेल तर बंद टोकावर सुमारे १२५ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ पावणेतेरा टन जोर येतो. पंप एकदम बंद पडून वॉटर हॅमर (पाणी अचानक अडल्याने बसणारा दाबाचा धक्का) झाला तर त्याहून जास्त. रॉड नसलेलं साधं लवचिक कपलिंग टाकलं, किंवा रॉडच्या नटा हाताने फिरवून सोडल्या, तर तो सगळा जोर पंपाच्या नोझलवर नाहीतर भिंतीतल्या पाइपवर जातो. काम ताब्यात घेताना प्रत्येक नटेवर पाना लावून बघावा. शिवाय हा जॉइंट लांबी जुळवण्यासाठी आहे, वाकडा पाइप सरळ करण्यासाठी नाही.

कोरड्या खोलीतल्या पंपाचं काम तपासायला एक डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं उपकरण) पुरतं. पंप आणि मोटर जोडणाऱ्या कपलिंगवर गेज लावून पाइपच्या फ्लँजचे बोल्ट आवळायला सांगायचे. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला की पाइप पंपाला ओढतोय असं समजावं, आणि बोल्ट सोडून सपोर्ट दुरुस्त करून घ्यावा. चेन ब्लॉकने पाइप ओढून फ्लँज जुळवण्याची खोड खूप जुनी आहे. त्या दिवशी काम झालेलं दिसतं, पण पुढे मेकॅनिकल सील आणि बेअरिंग वारंवार जात राहतात आणि दोष पंप बनवणाऱ्याच्या माथी येतो. ग्राउटिंगमध्येही (बेसफ्रेमखालची फट पातळ मसाल्याने भरण्यात) घाई दिसते. जुन्या पायाचा गुळगुळीत पृष्ठभाग टाचून खडबडीत केलेला नाही, काँक्रीट भिजवलेलं नाही, की ग्राउट सुटलंच. हातोडीने बेसफ्रेमवर टकटक केलं की पोकळ जागा आवाजावरून लगेच कळते.

सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणाऱ्या) पंपांत नवा पंप जुन्याच डकफूट बेंडवर (विहिरीच्या तळाशी पक्क्या बसवलेल्या वळणाच्या तुकड्यावर) अडॅप्टर लावून बसवण्याचा मोह ठेकेदाराला होतो, कारण मग वेट वेल (पाणी जमणारी विहीर) रिकामी करावी लागत नाही. जुन्या बेंडचं तोंड झिजलेलं नसेल आणि गाइड रेल (पंप खाली सोडायचे उभे दांडे) ओळंब्यात असतील तर हरकत नाही. नसेल तर पंप तोंडावर नीट बसत नाही आणि पाणी वर जायच्या ऐवजी तिथूनच विहिरीत परत येतं. पातळी खाली असताना पंप चालू करून वरून प्रखर दिवा मारून बघा: पंपाच्या बाजूला पाण्याला उकळी फुटल्यासारखं दिसलं तर गळती तिथेच आहे. विजेचं बिल तेवढंच येणार, पाणी मात्र कमी जाणार.

एकहाती ठेक्याला आम्ही सर्वाधिक गुण देतो ते बायपाससाठी. बायपास एकाचा आणि पाइपकाम दुसऱ्याचं असलं की सांडपाणी रस्त्यावर आल्यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. बायपासची क्षमता सरासरी प्रवाहावर नाही, सर्वोच्च प्रवाहावर ठरवावी, आणि पावसाचं पाणी गटारात शिरत असेल तर तेही धरावं. राखीव पंप जोडलेल्या अवस्थेत, इंधन भरून, जागेवरच हवा, गोदामात नाही. प्रत्येक पंपाला स्वतंत्र नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर बंद पंपातून पाणी उलटं फिरतं. जमिनीवर ठेवलेला पंप पाणी वर ओढणार असेल तर उचल ६-७ मीटरच्या आत ठेवावी. कागदावर हवेचा दाब १० मीटर पाणी उचलतो, पण सक्शनमधले घर्षण आणि सांध्यांतून शिरणारी हवा बरंच काही खाऊन टाकते. बायपासची लाइन कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने तपासावी, आणि जुना पाइप कापण्याआधी पूर्ण प्रवाह बायपासवरून २४ तास चालवून दाखवायला सांगावं. हे कलम करारात आधीपासून असलं तर ठेकेदार कुरकुरत नाही.

विहिरीत उतरण्याच्या बाबतीत सवलत नाही. गॅस मीटर वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी लावायचा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमवर गेला की कुणी आत जायचं नाही. सुमारे १०० पीपीएमला नाक बधिर होतं, म्हणून "वास येत नाही, उतरा" हे वाक्य जिथे ऐकू येईल तिथे काम त्याच क्षणी थांबवावं. तिपाई, विंच आणि वर उभा माणूस नसेल तर बाकीचे सगळे गुण शून्य.

सांडपाण्याला हवा देण्याच्या टाकीचं काम मात्र याच ठेकेदाराला डोळे मिटून देऊ नये. पाइपवाले फिटर हवेची लाइन पाण्याच्या लाइनसारखी बसवतात: आतला वेल्डिंगचा कचरा न काढताच डिफ्युझर (रबरी पडद्यातून बारीक बुडबुडे सोडणारे तुकडे) चढवतात, आणि तो कचरा पडद्यांच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. आधी ब्लोअर चालवून लाइन उघड्या तोंडाने झाडून काढावी. टाकीतले सगळे डिफ्युझर एका पातळीत, साधारण ५-६ मिमीच्या फरकात असावेत. मग त्यांच्यावर थोडंच स्वच्छ पाणी भरून हवा सोडावी. मोठा बुडबुडा जिथे येतो तिथे सांधा सुटलाय. पडदे बसवून टाकी उन्हात कोरडी ठेवणं म्हणजे रबर वाया घालवणं.

पिण्याच्या पाण्याच्या बाजूचं काम असेल तर लाइन धुऊन, २५ मिग्रॅ प्रति लिटर क्लोरीन भरून २४ तास ठेवणं ही रूढ पद्धत आहे; शेवटी किमान १० मिग्रॅ उरलं पाहिजे आणि जीवाणू चाचणी स्वच्छ आली पाहिजे. हा वेळ वेळापत्रकात धरलेला नसतो, हे जवळपास प्रत्येक निविदेत दिसतं.

चाचणीत सर्वांत आधी मोटरची दिशा. उलटा फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंपही पाणी देतोच, फक्त कमी देतो, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपते. मग प्रवाह आणि दाब पंप बनवणाऱ्याने दिलेल्या वक्राशी ताडायचा: पंप चाचणीच्या आयएसओ ९९०६ मानकाच्या २बी श्रेणीत प्रवाहाला ८ आणि हेडला (पंप पाणी किती उंच ढकलतो त्याला) ५ टक्के सूट आहे, पण ती कारखान्यातल्या चाचणीची. जागेवर प्रवाह त्याहून फार घसरला तर आधी पंप उघडू नये. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, लाइनच्या उंच जागी अडकलेली हवा आणि गेजची उंची ही तीन कारणं आधी तपासावीत.

गुण कापले जातात ते कागदपत्रांवर. बसवल्याप्रमाणे नकाशा मागावा, आणि त्यात प्रत्येक गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायला किती फेरे लागतात आणि तो कोणत्या दिशेने बंद होतो हे लिहून घ्यावं. काही जुने व्हॉल्व्ह डावीकडे फिरवून बंद होतात. ते माहीत नसलेला ऑपरेटर पूर येताना तो आणखी आवळायला जातो आणि स्पिंडल मोडून ठेवतो.