कचरा डेपोजवळचं भूजल तपासताना: गावच्या विहिरी की निरीक्षण बोअर?

पुण्याच्या उरुळी देवाची-फुरसुंगीसारख्या कचरा डेपोशेजारी विहिरीचं पाणी बिघडलंय, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. ज्याच्या घरात ते भरलं जातं त्याला रंगावरून, वासावरून आधीच कळलेलं असतं. खरी अडचण पुढे आहे. बिघाड कुठवर गेला, कोणत्या थरातून गेला आणि त्याला अडवायचं कुठे? त्यासाठी नमुने शेतकऱ्यांच्या विहिरींतून घ्यायचे की नवे निरीक्षण बोअर (उपशासाठी नव्हे, फक्त पाणी मोजायला-तपासायला) पाडायचे, हा निर्णय एका तालुक्याच्या गावासाठी मी घेतला आहे.

विहिरींची बाजू हलकी नाही. माणसं आणि जनावरं पितात ते पाणी हेच, म्हणून आरोग्याचा प्रश्न इथेच तपासला पाहिजे. शिवाय मालकाला जे ठाऊक असतं ते कुठल्याच अहवालात नसतं. कोणत्या उन्हाळ्यात तवंग आला, झरा कोणत्या अंगाने फुटतो, हे तो उभ्या उभ्या सांगतो. पहिली फेरी विहिरींचीच करा आणि आधी क्लोराइड बघा. ते मातीत अडकून राहत नाही, पाण्याबरोबर पुढे जातं. नुसत्या नायट्रेटवर भिस्त नको. ते युरियातूनही येतं. उलट डेपोच्या अगदी जवळ, ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात, नत्र बहुतेक अमोनियाच्या रूपात असतं आणि लोह, मँगनीज वाढलेलं दिसतं.

माझं घोडं अडलं ते पाण्याच्या पातळीपाशी. भूजल कोणत्या दिशेला वाहतं हे कळायला सगळ्या विहिरींची स्थिर, म्हणजे उपसा बंद असतानाची, पातळी साधारण एकाच वेळी मिळावी लागते. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, आणि वीज आली की मोटर सुरू. एका मळ्यात मोजून दुसऱ्या मळ्यात पोहोचेपर्यंत पहिल्या विहिरीचं पाणी उतरायला लागलेलं. शेतातल्या बोअरचं तर आणखी कठीण. पाइप, केबल आणि दोराच्या गर्दीत टेप खाली जात नाही, गेली तर अडकते. काही ठिकाणी तोंडच वेल्ड केलेलं. पीक उभं असताना मोटर बंद ठेवा, असं शेतकऱ्याला सांगणं मला पटलं नाही. आकडे असे विस्कटले की डेपोच्या वरच्या अंगाची, म्हणजे जिकडून भूजल डेपोकडे येतं तिकडची, विहीर कोणती, हेच ठरेना. ते ठरत नसेल तर खालचं बिघडलेलं पाणी ताडून कशाशी पाहायचं?

निरीक्षण बोअरवर मोटर नसते. टेप सोडा, वाचा, पुढे चला. माझा कल तिकडे झुकला तो प्रामुख्याने यामुळे.

त्यातही एकाच जागी दोन बोअर हवेत: एक मुरुमात उथळ, दुसरा खालच्या भेगाळ बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात. ठरलेल्या खोलीवरच जाळीचा पाइप, भोवती खडी आणि वर बेंटोनाइटचं (पाण्यात फुगणाऱ्या मातीचं) सील. शेतातल्या बोअरला केसिंग (भोकाला आतून बसवलेला पाइप) सहसा कठीण खडक लागेपर्यंतच असतं, खाली सगळ्या भेगांचं पाणी एक होतं. सीलच्या वेळी मात्र कुणीतरी जाणतं माणूस समोर उभं हवं, नाहीतर आपलाच बोअर घाण पाण्याला खाली जायची वाट होईल. खर्च जास्त आहे, हे मान्य. आणि बेसाल्टमध्ये भेग चुकली तर बोअर कोरडाही निघतो.

तरी उपाय ठरवताना हीच जोडी कामाला येते. उथळ बिघडलेला आणि खोल चांगला असेल, तर डेपोच्या खालच्या अंगाला चर खणून मुरुमातलं पाणी गोळा करता येतं, त्यावर प्रक्रिया करता येते. दोन्ही बिघडले असतील तर चर पुरा पडणार नाही. खोल उपसा आणि बायोमायनिंग करून, म्हणजे जुना कचरा उकरून-चाळून, तो कचराच हलवणं, याचा विचार करावा लागेल. पावसाळ्यात उथळ बोअरची पातळी कचऱ्याच्या तळाच्या वर जात असेल, तर नुसत्या कॅपिंगवर, म्हणजे कचऱ्यावर झाकण घालण्यावर, पैसे घालण्याआधी थांबा. झाकण वरचा पाऊस अडवतं, खालून भिजणारा कचरा तसाच राहतो.

घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये डेपोच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासायला सांगितलं होतं. इतक्या जवळ वापरातली विहीर मिळणं मुश्कील, मग बोअर पाडावेच लागतात. पैसा कमी असेल तर निदान तीन ठिकाणी पाडा, एका रेषेत नकोत, आणि एक वरच्या अंगाला. पिण्याच्या पाण्याची काळजी म्हणून विहिरींचे नमुने चालूच ठेवा.