अंधेरीची 'बंद मेंटल हॉस्पिटल' एस्केप रूम: कोडी एक नंबर, पण थीम अजिबात पटली नाही

अंधेरी वेस्टला एक एस्केप रूम आहे, स्टोरी अशी की मेंटल हॉस्पिटल कित्येक वर्षं बंद पडलंय, तुम्ही आत अडकलात आणि एका तासात बाहेर पडायचं. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण असली थीम फक्त यांच्याकडेच नाहीये आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे. आम्ही मावस-चुलत भावंडं मिळून गेलो होतो.

आधी चांगलं सांगते. कोडी खरंच मस्त आहेत. औषधांच्या कपाटात काचेच्या बाटल्या आहेत, त्या तिथल्याच जुन्या काट्यावर वजन करून जड ते हलकी अशा लावायच्या, मग लेबलांवरची पहिली अक्षरं जुळवली की ड्रॉवरचा कोड मिळतो, आणि एक बाटली रिकामी असून सुद्धा जड आहे कारण तिच्या तळाला चुंबक चिकटवलंय, ते काढून पुढचं कुलूप उघडतं. ज्याने हे बनवलं त्याला मानलं. एसी व्यवस्थित, कुलपं अडकत नाहीत, हिंट मागितली की स्पीकरवरून मराठीत बोलतात.

आता थीम. आत सोडायच्या आधी तिथला मुलगा हसत म्हणाला, "काय, ठाण्याचे पेशंट आले का सगळे?" सगळे हसले, मला नाही हसू आलं. माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया होता आणि लहानपणी आजीबरोबर मी त्याच्या गोळ्या आणायला ठाण्याच्या मेंटल हॉस्पिटलच्या ओपीडीत जायचे. केस पेपरची रांग, बाकावर डबा उघडून बसलेल्या बायका, कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी सून, आणि मामा आजीची पिशवी धरून गुपचूप उभा. ते हॉस्पिटल १९०१ पासून आहे आणि आजही रोज चालू आहे, आपल्यातलेच लोक तिथे जातात.

गेमची सुरुवातच अशी की एकाच्या पायात साखळी घालतात आणि बाकीच्यांनी किल्ली शोधायची. आता ऐका, ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमात आग लागली, तिथे मानसिक आजार असलेल्या लोकांना साखळीने बांधून ठेवलेलं होतं, पळता आलं नाही म्हणून २८ जण जळून गेले. हे माहीत असताना किल्ली शोधायची मजा कशी घेणार सांगा ना. माझा चुलत भाऊ साखळी घालून बसला होता, त्याला मी तिथेच हे सांगितलं तर तो म्हणाला ताई आधी काढ ही.

पुढे शॉकची खुर्ची आहे, बटण दाबलं की लाल दिवा आणि किंकाळी. इसीटी, म्हणजे ज्याला लोक शॉक ट्रीटमेंट म्हणतात, ती आजही दिली जाणारी ट्रीटमेंट आहे, तीव्र डिप्रेशनमध्ये माणूस खाणंपिणं सोडतो तेव्हा कामाला येते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती द्यायलाच बंदी आहे. साखळीने बांधायलाही त्याच कायद्यात बंदी आहे. पण ती किंकाळी ऐकून गेलेली पोरं, उद्या त्यांच्याच आईला डॉक्टरांनी इसीटी सांगितली तर काय म्हणतील? नाही म्हणतील. माझा खरा राग ह्याच्यावर आहे.

आणि वाईट ह्याचं वाटतं की खरं मटेरियल ह्यांच्या स्टोरीपेक्षा कितीतरी भारी आहे. ह्यांच्या भिंतीवर लाल रंगात 'वाचवा' लिहिलंय, बस. इटलीत व्होल्तेरा म्हणून गाव आहे, तिथल्या मनोरुग्णालयात नानेत्ती नावाच्या पेशंटने अंगातल्या युनिफॉर्मच्या बकलने अख्खी बाहेरची भिंत कोरून काढली, अक्षरं, आकृत्या, यंत्रं, ताऱ्यांबद्दल काय काय, मीटरच्या मीटर, त्यातलं बरंचसं आता झडून गेलंय. नंतर १९७८ ला इटलीने कायदा करून अशी हॉस्पिटलं बंदच करायला घेतली. तशी एक भिंत बनवून त्यातून कोड शोधायला लावा ना!

किंवा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं विलर्डचं मनोरुग्णालय, १९९५ ला बंद होताना माळ्यावर चारशेच्या आसपास सुटकेस सापडल्या, पेशंट भरती होताना घेऊन आलेल्या, बऱ्याच जणांना परत कधी उघडायलाच मिळाल्या नाहीत. फोटो, पत्रं, कपडे, सगळं आत तसंच. एक सुटकेस द्या आणि ती कोणाची ते शोधायला सांगा, ह्याच्यापेक्षा चांगला गेम कुठला? भीतीच हवी असेल तर अमेरिकेतल्याच वेस्ट व्हर्जिनियातल्या वेस्टन गावचं मनोरुग्णालय घ्या, २५० लोकांसाठी बांधलं होतं आणि १९५० च्या दशकात तिथे २४०० माणसं कोंबली होती. १९९४ ला बंद झालं, आता तिकीट काढून आत फिरता येतं. तेवढ्या गर्दीत एका माणसाला झोपायला किती जागा उरत असेल, ती खडूने जमिनीवर आखून दाखवा, रबरी भूत लटकवायची गरज नाही.

मी बाहेर आल्यावर मॅनेजरशी बोलले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एवढंच मागितलं की साखळी आणि खुर्ची काढा आणि पेशंटच्या फाइलवर 'स्किझोफ्रेनिया, खतरनाक' लिहिलंय ते बदला, बाटल्यांच्या कोड्याला हात पण लावू नका. जमलं तर बाहेरच्या बोर्डावर टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. बघू या म्हणाले.

कोड्यांना पाचातले साडेचार, थीमला एक. जायचंच असेल तर त्यांची ट्रेन दरोड्याची दुसरी रूम आहे ती घ्या, सेट छोटा आहे पण कोडी त्याच हाताची वाटतात. घरात कुणाची ट्रीटमेंट चालू असेल तर हॉस्पिटलवाली रूम बुक करण्याआधी त्यांना नक्की विचारा. गाडी नेऊ नका, पार्किंगचे हाल आहेत, स्टेशनवरून रिक्षा बरी.