लाकूड झकास, पण यांचं रेडीमेड कुंपण घेऊ नका (इंदूर, जुन्या लाकडाची वखार)

इंदूरजवळच्या राऊच्या पुढे आमचा छोटा प्लॉट आहे, भाजी लावतो, आणि ससे, घुशी, साळिंदर, कधीमधी रोजडे (नीलगाई) असा सगळा गोतावळा तिथे जेवायला येतो, म्हणून कुंपणासाठी शहरातल्या या वखारीत गेलो. पाचपैकी साडेतीन देईन.

माल खरंच चांगला आहे. इंदूरच्या राजवाड्याचे वरचे चार मजले लाकडाचे, म्हणजे इथे पूर्वी किती लाकूड वापरायचे बघा, आणि आता जुनी घरं पडली की त्यातले वासे, तुळया, चौकटी अशा वखारीत येऊन पडतात. गाभ्याचं सागवान असेल तर वाळवी सहसा लागत नाही, पण कडेचं पांढुरकं लाकूड सागाचंच असलं तरी ती खाते, आणि हा वखारवाला भिया दोन्ही एकाच ढिगात एकाच भावात देतो, त्यामुळे एकेक फळी उलटून, चाकूचं टोक खुपसून बघायची. बघू देतो, कटकट करत नाही, वर चहा पाजतो. खिळे काढून देतो म्हणाला पण निम्मे आतच तुटलेले, आमच्या सुताराच्या करवतीचं पातं गेलं. लोहचुंबक सोबत न्या.

ऑइलपेंटच्या चौकटी स्वस्त मिळतात, घेतल्या नाहीत. रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचा रंग घासायचा म्हणजे शिशाची पूड नाकात आणि वाफ्यात. पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या) फळ्यांवर शिक्का बघा, एचटी म्हणजे आतपर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवलेलं, चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, नकोच. रेल्वेचे रुळांखालचे लाकडी स्लीपरही दाखवले, त्यांत मुरवलेल्या क्रिओसोटचा (लाकूड कुजू नये म्हणून लावतात ते डांबरी तेल) भपकारा लांबूनच येतो, भाजीजवळ अजिबात नको.

आता रेडीमेड पॅनल. दिसायला एकदम भारी, पण दोन फळ्यांत चांगली चार बोटं फट, आणि म्हणे खाली नुसतं जमिनीला टेकवायचं. अहो, घूस आणि साळिंदर उकरून खालूनच येतात! हे विचारलं तर हसला.

आम्ही सुट्या फळ्या घेतल्या आणि सुताराकडून करून घेतलं. बाहेरच्या बाजूने अर्ध्या इंचाची गॅल्वनाइज्ड वेल्डमेश (जस्त चढवलेली तारेची जाळी), कारण साळिंदर लाकूडही कुरतडतं, जाळी आत लावून उपयोग नाही. ती फूटभर जमिनीत आणि तिथून फूटभर बाहेरच्या दिशेने वळवलेली, म्हणजे उकरणाऱ्याला कुंपणाशी जाळीच लागते. रोजड्यांसाठी उंची सहा फूट. खांब मात्र लोखंडाचे, सिमेंटमध्ये, कारण आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब तिरके होतात, शिवाय लाकडाचा खांब कुजतो तो बरोब्बर मातीच्या पातळीला. खड्डा खोल घ्या आणि काढलेली माती परत त्यात टाकू नका, मुरूम आणि खडी ठोकून भरा. फळ्याही जमिनीपासून दोन इंच वर, खाली जाळी आहेच.

माकडं यातल्या कशाला जुमानत नाहीत, ते वेगळंच प्रकरण आहे.

भाव घनफुटावर सांगतात, नव्या सागवानापेक्षा पुष्कळ कमी पडतो, पण मोजताना समोर उभे राहा, आणि टेम्पोचं भाडं वखारीतच ठरवून घ्या, प्लॉटवर पोचल्यावर टेम्पोवाला उतरवायचे वेगळे मागतो.