शाळेच्या गेटसमोरची जागा: गाड्यांना द्यायची की मोकळी ठेवायची?

शाळेबाहेर अपघात झाला की पालकसभेत दोन मागण्या हमखास येतात: गतिरोधक करा आणि पार्किंगला जागा द्या. दुसरी मागणी पहिलीवर पाणी फिरवते, हे कुणी बोलत नाही. गेटपाशी गाड्या लावणं जितकं सोयीचं, तितकी दोन गाड्यांच्या फटीतून रस्त्यावर येणारी मुलं जास्त. पाचवीतलं पोर उभ्या गाडीआड पार झाकलं जातं.

म्हणून खर्चाला हात घालण्याआधी शाळा सुटताना वीस मिनिटं आणि मधल्या एखाद्या तासाला वीस मिनिटं गेटवर उभं राहून पाहावं. एरवी वाहनं सुसाट, पण सुटताना रस्ता तुंबलेला असेल, तर सुटतानाचा प्रश्न वेगाचा नाही, दाटीचा आहे. गतिरोधकाने तो सुटणार नाही.

गतिरोधक की उंच झेब्रा?

वेग हाच प्रश्न असेल तर हिशेब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगात चालकाला भान येईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १४ मीटर जाते आणि ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी साधारण तेवढीच. ताशी ३० ला हे सगळं मिळून १३ मीटरांत आटोपतं.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असतो. ताशी २५ ने तो आरामात ओलांडता येतो. प्रत्यक्षात बनतो तो डांबराचा अरुंद, उंच बांध. पाणी जायला कडेला फट ठेवतात आणि दुचाकीवाले नेमके त्याच फटीतून, म्हणजे मुलं उभी असतात तिथूनच, निघतात.

उंच झेब्रा म्हणजे सपाट माथ्याचा, फूटपाथच्या पातळीला आलेला पट्टा. माथा तीन-चार मीटर आणि दोन्हीकडे उतार. खर्च जास्त, पण मुलं कुठून ओलांडणार हे चालकाला लांबूनच कळतं. पावसाळ्यात त्याच्या वरच्या अंगाला तळं साचतं, म्हणून खालून पाइप आधीच टाकावा. पेव्हर ब्लॉक एसटीच्या चाकांखाली निखळतात, काँक्रीटच करावं. जवळ फूटपाथच नसेल तर मात्र उंच झेब्र्याचा अर्धा फायदा वाया जातो.

ड्रॉप लेन की लांबचं पार्किंग?

इथे चूक सर्वांत महाग पडते. समजा, मुलांना उतरवून गाडी लगेच पुढे न्यायला गेटसमोर ३५ मीटरची लेन मिळाली. एका मोटारीला सात मीटर धरले तर पाच गाड्या बसतात. दप्तर, डबा, पाण्याची बाटली घेऊन मूल उतरायला मिनिटभर धरा. पंधरा मिनिटांत ७५ गाड्या निघतील. सकाळी हे जमतं, कारण पालक थांबत नाहीत.

सुटताना गणित उलटतं. पालक पंधरा मिनिटं आधी येऊन उभे राहतात. पाच गाड्यांनी लेन भरली, सहावी रस्त्यावर, सातवी तिच्या बाजूला. तुमच्याकडे मोटारी कमी आणि दुचाकी, रिक्षा, व्हॅन जास्त असतील तर लेनचा उपयोग आणखी घटतो. लेन करायचीच तर फक्त सकाळची आणि फक्त डावीकडून उतरण्याची करावी.

लांबच्या पार्किंगला १५० ते २०० मीटरवरचं मैदान किंवा मंगल कार्यालयाचं आवार चालतं. चालायला दोन-तीन मिनिटं. अट एकच: वाटेत किमान १.८ मीटर मोकळा फूटपाथ हवा. डीपी, भेळगाडी, झाडाचा पार आडवा आला की मुलं रस्त्यावर उतरतात आणि योजना पहिल्या आठवड्यातच बारगळते. लग्नसराईत मुहूर्ताच्या दिवशी आवार मिळणार नाही, मैदानात आठवडी बाजारही भरत असेल. त्या दिवसांची सोय आधीच ठरवून ठेवावी.

रस्ता अरुंद असेल तर लांबचं पार्किंगच घ्यावं आणि गेटच्या दोन्ही अंगांना १५-१५ मीटर जागा बोलार्ड, म्हणजे रोवलेले आखूड खांब, लावून रिकामी ठेवावी. दोन बोलार्डांत सव्वा मीटर अंतर ठेवलं तर व्हीलचेअर जाते, मोटार अडते. दुचाकी शिरतेच; तिथे शिपाईच लागतो.

वेळ बदलणं, रस्ता बंद करणं

दोन्हींना खर्च नगण्य. पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी यांच्या सुटण्यात किमान २० मिनिटं हवीत. दहा मिनिटं ठेवली तर पहिले पालक निघायच्या आत दुसरे येतात. भावंडं आणि रिक्षावाले काका यांची अडचण उरते: धाकट्याला वाचनालयात बसवावं लागतं.

सुटण्याच्या वेळी अर्धा तास रस्ता बंद ठेवणं सर्वांत परिणामकारक, पण पर्यायी रस्ता असलेल्या गल्लीतच. एसटीच्या मार्गावर नाही. दोन्ही टोकांना माणूस हवा आणि रहिवासी व रुग्णवाहिकेला वाट हवी. अशा बंदीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खालची अधिसूचना लागते. शाळेने स्वतः रंगवलेल्या पाटीला वजन नसतं.

विद्यार्थ्यांच्या स्कूटर

यांना आवारात जागा देऊच नये. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा. घरोघरची ११० सीसी स्कूटर त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. त्या जागेवर पत्र्याचं छप्पर घालावं.