एक गिअर, ब्रेक नाही आणि वय छप्पन्न: ट्रॅक बाइकचा दीड वर्षाचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीय कारण खाली बऱ्याच शिव्या आहेत आणि असल्या अॅल्युमिनियमच्या एन्ट्री लेव्हल ट्रॅक बाइक, म्हणजे वळणांवर उतार असलेल्या खास ट्रॅकवर चालवायच्या सायकली, सगळ्या कंपन्यांच्या साधारण एकाच साच्यातल्या असतात, त्यामुळे जे माझ्या बाइकचं तेच थोड्याफार फरकाने बाकीच्यांचं. अॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, १६५ एमएमचे क्रँक (पॅडलचे दांडे), पुढे ४९ दातांची चेनरिंग, मागच्या चाकाला १४ दातांचा कॉग, पॅडल धरून वजन घरच्या काट्यावर ८ किलोच्या जरा वर. ब्रेक नाहीत, गिअर एकच आणि फ्रीव्हील नाही, म्हणजे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, तुमची इच्छा असो वा नसो.

मी रोडवाला माणूस, म्हणजे रस्त्यावरच्या सायकल रेसचा. पस्तिशीनंतर रेसिंग सुरू केलं, मास्टर्समध्ये, म्हणजे वयस्कांच्या रेसमध्ये, गट पाच पाच वर्षांचे असतात त्यामुळे दर पाच वर्षांनी मी आपल्या गटातला सगळ्यात तरुण होतो आणि तेवढ्या एका वर्षात काहीतरी बरं घडतं, मग पुन्हा उतरती कळा. ट्रॅकवर चोपन्नाव्या वर्षी गेलो तेही हौस म्हणून, सहा महिने क्लबची भाड्याची बाइक वापरली आणि मग ही घेतली. दीड वर्ष झालं, आठवड्यातून एकदा दोनदा ट्रॅक, आणि सीझनमध्ये अकरा रेस.

फ्रेमबद्दल बोलायचं तर पैसे वसूल. ताठ आहे, म्हणजे उभं राहून जोर लावला की बाइक खाली लवत नाही, सरळ पुढे जाते. रोड बाइकवरून थेट इथे आलं की पहिल्यांदा जाणवतं ते हँडल, नुसता विचार केला तरी वळते असं वाटतं, कारण अँगल उभे असतात आणि दोन चाकांमधलं अंतर कमी. बूट पुढच्या चाकाला लागतो, पण ते फक्त एकदम हळू वळताना, ट्रॅकवर कधीच नाही. बॉटम ब्रॅकेट (क्रँक जिथे फिरतात तो भाग) उंच आहे, २५० मीटरच्या ट्रॅकवर वळणांवरचा उतार चाळीस अंशांच्या वर असतो, तिथे हळू गेलं की वरच्या बाजूचं, म्हणजे उजवं पॅडल लाकडाला घासू शकतं, म्हणून ती उंची आणि म्हणूनच क्रँकही आखूड. १७२.५ वरून १६५ वर आल्यावर मला वाटलं होतं ताकद कमी पडेल. उलट गुडघे खूश झाले, आता रोड बाइकलाही १६५ लावलेत.

पण बाकी जे काही त्या फ्रेमवर ठोकून देतात ना, ते बघून वाटतं कंपनीतल्या एकानेही कधी ट्रॅक बघितलेला नसावा.

सुरुवात टायरपासून. २३ एमएमचे, नक्षीवाले, नवीन टायरवर साच्यातून काढताना राहिलेला चकचकीत थर असतो तो तसाच. इनडोअर ट्रॅक लाकडाचा असतो, बऱ्याच ठिकाणी सायबेरियन पाइनच्या पट्ट्या, आणि त्यावर असला टायर म्हणजे साबणावर पाय. पहिल्या दिवशी कोचने अंगठा फिरवून बघितला आणि सरळ सांगितलं, काका हे पुसून या नाहीतर बॅंकिंगवर (वळणाच्या उतारावर) नेणार नाही. स्पिरिट आणि फडकं घेऊन अर्धा तास घासत बसलो. दोन महिन्यांनी ते टायर काढून गुळगुळीत ट्रॅकचे घातले तेव्हा कळलं की आधी प्रत्येक वळणाला जो किंचित मागचा भाग सरकल्यासारखा वाटायचा तो माझा भ्रम नव्हता. आणि हो, ट्रॅकचे टायर रस्त्यावर चुकूनही फिरवू नका, वाळूचा एक कण रुतला तरी लाकडाला ओरखडे पडतात आणि मागून येणाऱ्याच्या पोटात गोळा.

आता नटांची गोष्ट, ती जरा सविस्तर सांगतो कारण त्याने माझी एक अख्खी रेस खाल्ली. ट्रॅक बाइकला मागचं चाक क्विक रिलीजने (हाताने उघडणाऱ्या लिव्हरने) नाही, १५ च्या पान्याने नट आवळून बसवतात, आणि फ्रेमची खाच मागच्या बाजूला उघडी असते म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणायची. कंपनीने दिलेले नट स्वस्तातले, त्यांचे वॉशर नटाला जोडलेले पण फिरते असायला हवेत ते घट्ट बसलेले, त्यामुळे आवळताना वॉशरच फ्रेम खरवडत फिरायचा आणि आपल्याला वाटायचं झालं घट्ट. परसूटची रेस होती. यात दोघं ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी सुटतात आणि सुरुवात उभ्याने, म्हणजे मागून कुणीतरी किंवा मशीनने धरलेलं असतं, काउंटडाऊन संपला की शून्यापासून ४९-१४ फिरवायचा. सगळं अंग त्या पहिल्या पॅडलमध्ये जातं. मी जोर लावला, पॅडलचा एक फेरा, दुसरा फेरा, आणि खर्रर्र असा आवाज, बाइक जणू कुणी मागून धरून ठेवली. चेनने एक्सलची उजवी बाजू पुढे ओढली होती आणि टायर डावीकडच्या चेनस्टेला (फ्रेमच्या मागच्या आडव्या नळीला) जाऊन चिकटला होता. अर्ध्या फेरीत थांबलो. थांबलो म्हणजे काय, फिक्स्ड गिअर असल्यामुळे लटपटत कुठेतरी आतल्या निळ्या पट्ट्यावर उतरलो आणि पडलो, खरं तर कलंडलो म्हणायला हवं. समोरचा गडी शांतपणे एकटाच आपलं अंतर पूर्ण करत होता आणि मी दर फेरीला त्याला जाताना बघत बसलो होतो.

चेनस्टेवर अजून ती काळी खूण आहे. नंतर चांगले ट्रॅक नट आणले, त्यांचा वॉशर नटावर स्वतंत्र फिरतो, थ्रेडला ग्रीसचा थेंब, आणि त्यानंतर चाक केसभरही हललेलं नाही. हे नट बाइकसोबतच द्यायला काय हरकत होती कळत नाही, अख्ख्या बाइकच्या किमतीत ते कुठे दिसलेही नसते.

लॉकरिंग (कॉग जागेवर धरणारी कडी) मात्र बरी दिलीय. कॉग उजव्या आट्यांवर बसतो आणि त्याच्यावरची लॉकरिंग उलट्या आट्यांची, म्हणजे पाय मागे रेटून वेग कमी करताना कॉग सुटायला लागला तर लॉकरिंग उलट अजून आवळली जाते. नवीन लोकांनो, ती सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवायची, मी पहिल्या वेळी उलटीकडे जोर लावून लावून हाताची सालं काढलीयत.

चेन १/८ इंचाची, जाडजूड, तिला काही झालं नाही. फक्त ताण तपासताना एका जागी बघून खूश होऊ नका, चेनरिंग कधीच पूर्ण गोल नसते, क्रँक हळूहळू अख्खा फिरवायचा आणि जिथे चेन सगळ्यात ताठ होते तिथेही बोटाने दाबल्यावर सेंटिमीटरभर खेळ राहायला हवा.

आता गिअर. इथे चूक अर्धी कंपनीची आणि अर्धी माझ्या मिशीची. ४९-१४ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात बाइक साधारण ७.३ मीटर जाते, १०० च्या कॅडन्सला (मिनिटाला पॅडलचे १०० फेरे) ताशी ४४ किलोमीटर. ऐकायला भारी. आणि एलिटवाले म्हणजे जगातले अव्वल रेसर काय लावतात ते वाचून वाचून डोकं फिरलेलं असतं, एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीला एका तासाच्या विक्रमासाठी ४९.४३१ किलोमीटर मारले ते ५२-१४ वर, आणि २०२२ मध्ये फिलिप्पो गान्नाने त्याच विक्रमासाठी ५६.७९२ केले तेव्हा पुढे ६५ ची चेनरिंग होती. मग आपण ४९ वरून खाली यायचं म्हणजे लाज. नाकापेक्षा मोती जड झाला होता पण कळत नव्हतं.

पॉइंट्स रेसमध्ये कळलं. ६० फेऱ्या, म्हणजे १५ किलोमीटर, दर दहा फेऱ्यांनी स्प्रिंट, पहिल्या चौघांना ५, ३, २, १. एकदा ग्रुप धावायला लागला की माझा गिअर फिरत होता, आरामात. पण घंटा वाजली, पुढचे दोघं उठले, आणि माझा गिअर उचलायला मला जे पाव फेरी लागायचे तेवढ्यात ते तीन बाइकची लांबी पुढे. मग ते अंतर भरून काढायला पुढच्या दोन फेऱ्या जीव जायचा, जरा श्वास बसतो न बसतो तर पुढची घंटा. सहा स्प्रिंट, माझे गुण शून्य. सत्तरीच्या जवळ आलेले एक गृहस्थ होते त्या रेसमध्ये, पाय शिवणाच्या मशीनसारखे फिरत होते, त्यांना सात गुण. नंतर त्यांनी माझ्या कॉगकडे बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त खिशातून काढल्यासारखा बॅगेतून १५ चा कॉग काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाले, पुढच्या वेळी परत करा.

४९-१५ म्हणजे ६.८५ मीटर. अर्धा मीटरही नाही हो फरक. पण ११५ ने पाय फिरवता आले तर तेच ताशी ४७, आणि उचलायला हलका. ११५ ने फिरवायला शिकायला मला तीन महिने लागले, त्यात पहिला महिना सीटवर चेंडूसारखा उडत होतो. पण त्यानंतर गुण मिळायला लागले, दोन रेसमध्ये पहिल्या पाचात आलो. कॉग परत केला आणि स्वतःचा घेतला. तर कंपनीवाल्यांनो, ही बाइक घेणारे बहुतेक नवशिके किंवा माझ्यासारखे पिकलेले, सोबत एक १५ चा कॉग टाकत जा.

आता ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. ही बाइक घेतल्यावर सगळ्यात जास्त फायदा झाला तो माझ्या रोड रेसिंगला.

रस्त्यावर वीस वर्षं माझी सवय एकच, पुढच्याच्या चाकाला चिकटायचं, जरा जवळ गेलो की ब्रेकला बोट, मागे पडलो की पळ. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की ढोबळमानाने पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ब्रेक आणि पळ, ब्रेक आणि पळ यात मी ती वाचवलेली सगळी उधळत होतो आणि माझ्या मागच्यांनाही उधळायला लावत होतो. ट्रॅकवर ब्रेकच नाही. पहिल्या ग्रुप सेशनला पुढच्याच्या जवळ गेलो आणि जित्याची खोड, पाय थांबवले. फिक्स्ड गिअरवर पाय थांबवले की बाइक काय करते माहितीय का, लाथ मारते. मागचा भाग उचलला गेला, काळजाचा ठोका चुकला, कसाबसा सावरलो, आणि मागून ज्या भाषेत उद्धार झाला तो इथे टाइप करण्यासारखा नाही.

मग करायचं काय तर जवळ गेलात की उजव्या खांद्यावरून मागे बघून किंचित वर चढायचं, चढामुळे वेग आपोआप कमी होतो, आणि परत उतरताना तोच वेग फुकट परत मिळतो. नाहीतर डोकं जरा वर करून छातीवर वारा घ्यायचा. बस, एवढंच. दोन महिन्यांत हे अंगात भिनलं आणि नंतरच्या रोड रेसला, ६२ किलोमीटरची सर्किट रेस होती, आडवा वारा, मी अर्धी रेस झाल्यावर लक्षात घेतलं की आज ब्रेकला हातच लावलेला नाही वळणं सोडून. बॅंकिंग नसलं तरी आडोशातून हातभर बाजूला सरकलं की वारा तेच काम करतो. शेवटच्या पाच किलोमीटरला पाय शिल्लक होते, हे माझ्याबाबतीत बऱ्याच वर्षांनी घडलं. आलो नववा, पण ग्रुपसोबत आलो, मागे लोंबकळत नाही.

वयाचं म्हणाल तर दोन अडचणी ज्या कुठल्या रिव्ह्यूत लिहीत नाहीत. एक चष्मा. माझा प्रोग्रेसिव्ह आहे, ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर हात ठेवून) वाकलं की नजर फ्रेमच्या वरून जाते आणि पुढचा माणूस म्हणजे एक रंगीत ढग. शेवटी लांबचाच नंबर असलेला मोठ्या काचेचा वेगळा चष्मा केला. दुसरं मान, या बाइकचा हेड ट्यूब (फ्रेमची पुढची उभी नळी) इतका आखूड की पंचविशीतल्या पोरासाठी ठीक, मी स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या भागाखाली) दोन सेंटिमीटरचे स्पेसर ठेवलेत आणि मला त्याची लाज नाही. फ्रान्सचे सायकलपटू रॉबेर मार्शाँ यांनी २०१४ ला वयाच्या १०२ व्या वर्षी तासात २६.९२७ किलोमीटर केले होते, बाकीच्यांनी स्पेसर मोजत बसू नये.

कुणी घ्यावी? ज्यांच्या आवाक्यात ट्रॅक आहे आणि ज्यांनी निदान चार महिने भाड्याची चालवलीय त्यांनी, बेलाशक. फ्रेम बघा, साइझ बघा, बाकी टायर आणि नट पहिल्याच दिवशी बदलायचे असं धरूनच हिशोब करा. रस्त्यावर फिरवायला म्हणून घेऊ नका, हिच्या फोर्कला ब्रेकचं भोकसुद्धा नाही. चाकं सरावाला ठीक, जड आहेत पण दीड वर्षात एकदाही ट्रू म्हणजे सरळ करावी लागली नाहीत. पाचपैकी साडेतीन, फ्रेमला एकटीला विचारलं तर साडेचार.

अजून एक राहिलं, क्रँकसेट १३० बीसीडीचा दिलाय (चेनरिंगच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, एमएममध्ये). ट्रॅकच्या बहुतेक चांगल्या चेनरिंग १४४ च्या येतात, त्यामुळे पुढची चेनरिंग बदलायची तर दुकानदार माझ्याकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे. कुणाकडे १/८ ची, ४८ दातांची, १३० वाली चेनरिंग पडून असेल तर कळवा, बदल्यात मूळचे नक्षीवाले टायर देतो, जवळपास नवेच आहेत.